जुजबंदी

वाचनालयातून रिक्षानं येतात पुस्तकं,
पोत्यात, कांद्यासारखी.
मगदूम बाई यादी देतात: चौसष्ट नग,
त्यातले तीन वाळवीचे.
मी आधी पाठ सोलते, मग जुना दोरा तोडते,
आणि पुस्तक माझ्या मांडीवर
सोळा-सोळा पानांत सुटं होतं.
तसंच वाचते मी. हाताला लागेल तो फर्मा.

त्यामुळं कुणी विचारलं, काय वाचलंस एवढ्यात,
तर मला नावं सांगता येत नाहीत.
सांगते, एक बाई होती,
पान एकशेतेरावर तिनं कपाट उघडलं
आणि एकशेअठ्ठावीसपर्यंत बंद केलं नाही.
आत काय होतं ते पुढच्या फर्म्यात,
तो खळ लागून दाबाखाली गेलेला.
रात्री भाकरी थापताना मीच त्या कपाटात
काय काय ठेवून बघितलं.

एक जाडजूड ग्रंथ आला, बक्षीस मिळालेला म्हणे.
पहिल्या दोन फर्म्यांवर बोटांचे डाग,
पुढं पानं करकरीत.
कुणी पोचलंच नव्हतं तिथवर.
मी पोचले. तिथं काही नव्हतं.
लोक शहाणे असतात.

सिनेमाचंही तेच.
सर्जेराव शिरोलीहून ओव्हरटाइम करून येणार,
अंगावरची राख धुणार, मग खरी कॉर्नरवरनं चालत टॉकीज.
तोवर पडद्यावर कुणीतरी काहीतरी करून बसलेलं असतं.
परवा आम्ही आत शिरलो तेव्हा सगळेच रडत होते
आणि मेलंय कोण ते कळेना.
शेजारच्या पोराला विचारलं.
"बाप, मावशी," म्हणाला.
मग मीही रडले, जरा उशिरा, समोशाच्या कागदात.

हिरो फाउंड्रीत कामाला. पांढरा शर्ट.
लोखंड ओततोय आणि गातोय.
सर्जेराव एवढ्या मोठ्यानं हसले
की पुढची अख्खी रांग वळली.
नंतर गप्पच झाले.
गंगावेशीत दूध कट्ट्यावर, ग्लास हातात,
फेस मिशीवर तसाच, म्हणाले,
"पण ओतताना ती नारिंगी धार दाखवली ना,
ती खरी होती गं.
कुणीतरी उभं राहिलं असणार तिथं, तेवढ्या धगीत."
त्यांच्या बाह्यांना किती भोकं पडली
मी कधी मोजली नाहीत. रफू केलीत.

मागं दिवाळीच्या सुमाराला एक कादंबरी आली होती,
शेवटचा फर्माच नाही.
दोघी बहिणी, शिवणयंत्रावरून अबोला, अकरा वर्षं.
धाकटी एकदाची थोरलीच्या दारात येते
आणि पान दोनशेआठ
"तिनं कडीला हात" इथं संपतं.
बाई म्हणाल्या, रद्दीत घाल.
मी सोळा कोरी पानं शिवली.
का, विचारू नका. पुस्तक हाडकुळं दिसत होतं.

या आठवड्यात ती परत आली, पाठ उसवून.
कोऱ्या पानांवर पेन्सिल.
कुणीतरी तिरक्या अक्षरात कडी वाजवलेली,
थोरलीनं दार उघडलेलं, दोघी गळ्यात पडून वगैरे.
त्याखाली निळ्या शाईत दुसऱ्याच कुणाचं:
खोटं आहे. माझ्या बहिणीनं उघडलं नसतं.
तिसऱ्या पानावर नुसता हिशेब,
दूध, गॅस, पोराची फी.
उरलेली तेरा पानं कोरी.

नियमानं हा फर्मा काढून टाकायचा.
वाचकांनी पुस्तकात लिहू नये,
तशी पाटीच आहे वाचनालयात.
खळीत मोरचूद घालून झालाय,
दोरा मेणातून ओढून ठेवलाय,
आणि पेन्सिल कानावर आहे माझ्या,
पुठ्ठ्यावर मापं टाकायची, नेहमीचीच.

माझी थोरली इचलकरंजीत असते.
आमच्यात यंत्र नव्हतं.
पातेलं होतं, साडेतीन लिटरचं.